साक्ष कोणाची?
‘बुधन’ हे नाटक आणि त्यामागील उद्योग

घरातील मंगलकार्य पार पडले म्हणजे कुलदेवतेचा गोंधळ घालण्याची चाल आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांत अद्याप टिकून आहे. चौक मांडला जातो, दिवटी पेटते, संबळ कडाडू लागते आणि गोंधळी एकेका क्षेत्रीच्या दैवतास नावाने हाक मारून गोंधळास पाचारण करतो. यजमानाच्या कुळातील मागील पिढ्यांची नावेही कित्येकदा त्यास मुखोद्गत असतात. बेळगाव-धारवाडकडील हेळवी तर दुसऱ्यांच्या वंशावळी जतन करणे हाच आपला कुलधर्म मानून गावोगाव फिरत आले. आता हाच प्रश्न उलट बाजूने विचारून पाहावा. ज्याने आपल्या खापरपणज्याचे नाव आपणांस ऐकवले, त्या गोंधळ्याच्या आज्याचे नाव आपल्यापैकी किती जणांस सांगता येईल?

हा प्रश्न आम्ही वाचकांस टोचून बोलण्यासाठी विचारीत नाही. विद्यापीठांनी समाजाशी हातमिळवणी करावी, सामाजिक न्यायाच्या कार्यात त्यांनी वाटा उचलावा, अशी भाषा अलीकडे सर्वत्र ऐकू येते, आणि ती भाषा स्तुत्यही आहे. परंतु दोन पक्षांपैकी एक पक्ष लिहिणारा आणि दुसरा लिहिला जाणारा, एक विचारणारा आणि दुसरा केवळ उत्तरे देणारा, असे असेल तर त्या नात्यास भागीदारी हे नाव शोभेल काय, याचा विचार क्वचितच होतो. तो करण्यास भाग पाडणारे एक नाटक आणि त्या नाटकाच्या पाठीशी उभा राहिलेला एक उद्योग यांचे परीक्षण येथे करावयाचे आहे. या उद्योगाचा एक धागा बडोद्यातून निघतो आणि दुसरा मराठी साहित्यातून; म्हणून आपल्या वाचकांस तो परका वाटू नये.

प्रथम पूर्वपीठिका. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये ‘गुन्हेगार जमाती’ या नावाचा कायदा केला. सुताराचा मुलगा जसा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, ही त्या कायद्यामागील समजूत. एखाद्या जमातीचे नाव सरकारी यादीत चढले की तीत जन्मलेले मूलदेखील जन्मतःच संशयित. पुढे त्या कायद्याचा विस्तार होत गेला. वयात आलेल्यांस पोलिसांकडे हजेरी लावावी लागे, गाव सोडण्यास परवाना लागे, आणि कित्येक जमातींस तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत ठेवण्यात आले. सोलापूरची अशी वसाहत मराठी वाचकांस ऐकून ठाऊक आहे. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, पण या लोकांची सुटका ३१ ऑगस्ट १९५२ रोजी झाली. त्या दिवसापासून ते ‘विमुक्त’ म्हणवले जाऊ लागले. कायदा गेला, तथापि सराईत गुन्हेगारांविषयीचे नवे कायदे निरनिराळ्या राज्यांत आले, आणि पोलीस ठाण्याच्या मनातील यादी पुसली गेली नाही.

येथे एक गोष्ट विद्वज्जनांनी विसरू नये. ती यादी केवळ शिपायांनी बनवलेली नव्हती. तिच्यामागे ‘शास्त्र’ होते. जातींचे वर्णन करणारे ग्रंथ होते, चालीरीतींच्या नोंदी होत्या. मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचे पुस्तक १९०८ मध्ये निघाले. त्यात एकेका जमातीचा पेहराव, फिरण्याचा मार्ग, बोलीतील खुणेचे शब्द इत्यादींची माहिती मोठ्या निगुतीने दिलेली आहे. माहिती खोटीच होती असे नव्हे. ती ज्यांच्याविषयी होती त्यांना ती तपासून पाहण्याचा, नाकारण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा अधिकार नव्हता, इतकेच. ज्ञान आणि अन्याय एकाच दौतीतून कसे लिहिले जाऊ शकतात, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस सुचत नाही.

आता बडोद्याकडे वळू. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांच्या नावाचे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. त्या विद्यापीठात गणेश देवी हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते. जन्म महाराष्ट्रातील भोरचा, लेखन इंग्रजी, मराठी आणि गुजराती या तिन्ही भाषांतून. भारतीय समीक्षेला आपल्याच परंपरेचा विसर पडला आहे, हे सांगणाऱ्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथास १९९३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. असा मनुष्य १९९६ मध्ये विद्यापीठाची नोकरी सोडून आदिवासी आणि भटक्या समाजांच्या भाषांचे काम हाती घेतो, ‘भाषा’ या नावाची संस्था बडोद्यात काढतो, हे त्या काळी अनेकांस विचित्र वाटले असेल. आम्हांस त्यात एक अर्थपूर्ण खंत दिसते. तिच्याकडे पुढे येऊ.

१९९८ मध्ये बंगालच्या ज्येष्ठ लेखिका महाश्वेता देवी बडोद्यास व्याख्यानासाठी आल्या. व्हेरिअर एल्विन यांच्या नावाच्या व्याख्यानमालेतील ते व्याख्यान होते. त्यात त्यांनी विमुक्त जमातींच्या हालअपेष्टा सांगितल्या. त्यानंतर महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक कृतिगट उभारला. गायकवाडांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याआधी लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’स १९८१ मध्ये तो मान मिळाला होता. अशा रीतीने या उद्योगाच्या मुळाशी एक बंगाली कादंबरीकार, एक माजी प्राध्यापक आणि स्वतः त्या यादीतल्या जमातीत जन्मलेला एक मराठी लेखक, असे तिघे होते. तिघांपैकी एकाने तरी तो अन्याय अंगावर सोसलेला होता, ही बाब सामान्य नव्हे.

अहमदाबादेत छारानगर नावाची वस्ती आहे. छारा समाज हा राजस्थान-पंजाबकडील सांसी आणि आपल्याकडील कंजारभाट यांच्या नात्यातला. इंग्रजी अमदानीत या लोकांस तेथील वसाहतीत कोंडले गेले होते. चोरी आणि चोरटी दारू, एवढ्याच ओळखीने शहर त्यांना ओळखत असे. वस्तीत एक लहानसे वाचनालय उघडले गेले. जी तरुण मुले तेथे जमू लागली, त्यांना नाटक करावयाचे होते. कोणते नाटक? त्यांनी कोणा प्रख्यात नाटककाराची संहिता मागितली नाही. कृतिगटाच्या पत्रिकेत आलेली एक न्यायालयीन हकीकत त्यांनी उचलली.

ती हकीकत अशी. बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात खेडिया शबर नावाची जमात आहे. तीही एकेकाळी त्याच यादीत होती. त्या जमातीच्या बुधन शबर या तरुणास १९९८ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी चोरीच्या संशयावरून धरले, आणि थोड्याच दिवसांत कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्याने गळफास घेतला, असे सांगण्यात आले. शबरांची कल्याण समिती, जिच्याशी महाश्वेता देवींचा दीर्घकाळ संबंध होता, कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने त्याच वर्षी बुधनच्या पत्नीस भरपाई देण्याचा आणि केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशी करण्याचा आदेश दिला.

छारानगरच्या मुलांनी या घटनेचे नाटक केले. दक्षिण बजरंगे यांनी ते रचले आणि ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, विमुक्तांच्या मुक्तिदिनी, त्याचा पहिला प्रयोग झाला. नाव ‘बुधन’, आणि त्या नावावरूनच मंडळीस बुधन थिएटर हे नाव पडले. भाषा हिंदी. सजावट नाही, पडदा नाही, वेशभूषा म्हणावी अशी नाही. आपल्या दशावतारात एका बाकड्यावर राजवाडाही उभा राहतो आणि अरण्यही; तशाच साधेपणाने येथे पानाचे दुकान, रस्ता, कोठडी आणि न्यायालय ही सर्व स्थळे नटांच्या देहांतूनच उभी राहतात. बुधन आणि त्याची पत्नी श्यामली बाजारास निघालेली आहेत, पानाच्या दुकानापाशी थांबतात, पोलीस येतात. पुढे काय होणार हे प्रेक्षकास आरंभापासून ठाऊक असते. उत्कंठा हा या नाटकाचा आधारच नव्हे. मृत्यू झाल्यावर न्यायालयाचा निर्णय सांगितला जातो, आणि अखेरीस नट भूमिका टाकून प्रेक्षकांपुढे उभे राहतात व आम्हांसही माणूस म्हणून मान हवा, असे सरळ तोंडावर सांगतात.

नाट्यकलेच्या रूढ कसोटीवर हे नाटक कोठे कमी पडते, हे दाखवणे अवघड नाही. पोलीस आरंभापासून अखेरपर्यंत एकाच रंगात रंगवलेले आहेत. श्यामलीच्या वाट्यास याचना आणि आकांत याहून फारसे काही येत नाही. संवादांत कागदपत्रांची कोरडी भाषा मधूनमधून तशीच राहिली आहे. अखेरचे भाषण हे नाटकाने साधावयाचे ते उघड शब्दांत सांगून टाकते. जाणत्या प्रेक्षकास ते अनावश्यक वाटावे. ही सर्व न्यूने आम्हांस मान्य आहेत.

तरीही नाटक मनातून जात नाही, आणि त्याचे कारण नाट्यगुणांत पुरते सापडत नाही. ते नटांत आहे. ज्या मुलाने बुधनचे काम करावयाचे, त्याने आपल्या वस्तीत पोलिसांचा छापा पाहिलेला असतो. जो पोलिसाची भूमिका करतो, त्याने ती लकब कोणत्याही नाट्यशाळेत शिकलेली नसते. बंगालमधील शबर आणि गुजरातेतील छारा यांची भाषा वेगळी, देवदैवते वेगळी. एकमेकांची तोंडेही त्यांनी पाहिलेली नव्हती. एका कायद्याने मात्र त्यांना एकाच यादीत बसवले होते. त्या यादीचाच धागा धरून छारा मुलांनी शबराच्या मरणाची साक्ष दिली. आपल्यावरील आरोपाच्या कागदातूनच त्यांनी आपले नाते शोधून काढले, ही या नाटकाची खरी निर्मिती होय. कोर्टाचा निकाल हा जो सरकारी कागद, तो इतिहासात प्रथमच त्यांच्या बाजूने बोलत होता. मग त्याची कोरडी भाषा त्यांनी का गाळावी? वर आम्ही जे न्यून म्हणून नोंदवले, त्यातील हे एक तरी आम्हांस आता मागे घ्यावेसे वाटते.

बुधन प्रकरणातील आणखी एक गोष्ट सांगितल्याविना पुढे जाता येत नाही. बुधनचे प्रेत शबरांच्या ताब्यात आले तेव्हा पुराव्याचा प्रश्न उभा राहिला. देह जळून गेला की साक्ष संपली. तेव्हा त्यांनी एक पुतळा करून त्याचे दहन केले आणि बुधनचा देह त्याच्याच झोपडीत जमिनीखाली पुरून ठेवला. पुढे न्यायालयाच्या आदेशाने त्या देहाची पुन्हा तपासणी होऊ शकली ती त्यामुळे. हे कोणी शिकवले? अक्षरशत्रू ठरवलेल्या त्या लोकांनी, ज्यांच्या घरी दप्तर नाही, कपाट नाही, त्यांनी आपल्या घरची भुई हेच दप्तर केले. अंत्यविधीचे महत्त्व आपल्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. आपल्या माणसाचा विधी लांबणीवर टाकून त्याचा देह पुराव्यासाठी राखणे याला काय मोल पडले असेल, ते ज्याने त्याने आपल्या मनाशी जोखावे.

आमच्या मते विद्या आणि समाज यांच्या भागीदारीची कसोटी येथे हाती लागते. महाश्वेता देवींजवळ लेखणी होती, कायदा जाणणारे स्नेही होते, वृत्तपत्रांत वजन होते. पण पुरावा शबरांनी राखला होता. लेखणीने तो निर्माण केला नाही. तिने तो न्यायासनापर्यंत पोहोचवला. साक्ष ज्यांची, जतनही त्यांचे. विद्वानाचे काम तिला वाट करून देण्याचे. हा क्रम जेथे उलटतो, साक्ष विद्वानाची होते आणि समाज केवळ तिचा ‘नमुना’ उरतो, तेथे हेतू कितीही उदात्त असो, आपण १९०८ च्या त्या पुस्तकापासून फार दूर आलेलो नसतो.

‘भाषा’ संस्थेच्या इतर कार्यास हीच कसोटी लावून पाहू. बडोद्याहून पूर्वेस, आज छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडणाऱ्या तेजगढ या गावी संस्थेने आदिवासी अकादमी उभारली. शिक्षणाबरोबर धान्यपेढ्या, बचतगट, आरोग्यसेवा अशी कामे तेथून चालली. ‘ढोल’ नावाचे नियतकालिक अनेक आदिवासी भाषांतून निघाले. हा सारा राठवा लोकांचा मुलूख. राठवांच्या घरांत भिंतीवर नवसाचा पिठोरा असतो. आपण त्यास चित्र म्हणू. ते लोक मात्र पिठोरा ‘काढीत’ नाहीत, ‘लिहितात’. लिहिणारा तो लखारा. आणि लिहिलेले वाचून ते बरोबर उतरले की नाही हे सांगणारा बडवो. म्हणजे लेखन, वाचन आणि शहानिशा या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्याच. ज्या संग्रहालयात असा पिठोरा ‘आदिवासी कला’ अशी चिठ्ठी लावून टांगला जातो तेथे तो मुका होतो. आणि जेथे लखाऱ्यास पुढे बसवून त्याचे वाचन ऐकले जाते, तेथे तो ग्रंथ होतो. तेजगढच्या संग्रहालयास ‘वाचा’ हे नाव दिले आहे. नाव ठेवणाऱ्यास हा भेद उमगला होता असे म्हटले पाहिजे.

२०१० पासून याच संस्थेने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण हाती घेतले. एका शतकापूर्वी ग्रियर्सन यांनी भाषांचे जे प्रचंड सर्वेक्षण केले, त्यात १७९ भाषा आणि ५४४ बोली मोजल्या गेल्या. त्या कार्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्याची रीत अशी की, बायबलातील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट सर्व बोलींत उतरवून घ्यावयाची, आणि ते काम बहुतांशी सरकारी अंमलदारांमार्फत करावयाचे. लोकसर्वेक्षणाने सुमारे ३००० माणसांस कामास लावले. त्यांत प्राध्यापक होते तसे शिक्षक, कार्यकर्ते आणि ती ती भाषा बोलणारे सामान्य जनही होते. आपल्या भाषेचा इतिहास, आपली गाणी, नात्यांचे, रंगांचे, काळवेळेचे शब्द त्यांनी स्वतः मांडले. ७८० भाषांची नोंद झाली. महाराष्ट्राचा मराठी खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भटक्या-विमुक्तांच्या भाषांसही जागा मिळाली. जे शब्द एकदा पोलिसांच्या पुस्तकात गुन्ह्याची खूण म्हणून छापले गेले, तशाच शब्दांस येथे भाषा म्हणून मान मिळाला. मध्यंतरी शब्द बदलले नाहीत. ते कोण लिहितो आणि कशासाठी, एवढे बदलले. ‘ही भाषा नव्हे, बोली आहे’ या एका वाक्याने केवढे घाव होतात, हे या मासिकाच्या वाचकांस, त्यांचे मत कोणत्याही बाजूचे असो, समजावून सांगावे लागणार नाही.

एवढे गुण सांगितल्यावर आमचे आक्षेपही नोंदवणे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप संस्थेवर नसून विद्यापीठांवर आहे. हे काम करण्यासाठी प्राध्यापकास विद्यापीठ सोडावे लागले. वर ज्या खंतीचा उल्लेख केला ती हीच. विद्यापीठ आणि समाज यांचे सहकार्य म्हणून ज्याचा गौरव होतो, त्यातील विद्यापीठ उंबऱ्याशीच थांबले आणि एक व्यक्ती तेवढी बाहेर पडली. व्यक्तीच्या त्यागावर उभे राहिलेले कार्य वंदनीय असते, पण ते व्यवस्था होत नाही. पुढे देवी धारवाडास राहावयास गेले. महाश्वेता देवी २०१६ मध्ये निवर्तल्या. संस्था चालू राहणे वेगळे आणि विद्यापीठाच्या नियमांत, परीक्षांत, नेमणुकांत त्या कार्याचा अंश उतरणे वेगळे. हे दुसरे झालेले आम्हांस दिसत नाही.

दुसरा आक्षेप मराठी विद्याक्षेत्रास, म्हणजे आम्हां समीक्षकांसही, लागू पडतो. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ यांस पुरस्कार मिळाले, ती पुस्तके अभ्यासक्रमांत आली, त्यांच्या भाषेवर, शैलीवर, वास्तववादावर आम्ही लेख लिहिले. परंतु पुस्तक वर्गात आले म्हणून त्या पुस्तकातील मूल वर्गात आले, असे समजण्याची चूक आमच्या हातून झाली. आम्ही दुःखास गुण दिले आणि दुःखिताचा दाखला मागे ठेवला. समीक्षेचे काम एवढेच होते काय?

तिसरा आक्षेप ‘बुधन’च्या प्रयोगपरंपरेविषयी. असे नाटक गाजले की विद्यापीठे आणि परिषदा त्यास बोलावू लागतात. बोलावणे चांगलेच. परंतु आपली जखम दरवेळी नव्या प्रेक्षकांपुढे उघडी करावी, त्यांनी डोळे टिपावेत आणि टाळ्या वाजवून आपल्या घरी जावे, हा क्रम पडला तर नटांच्या वाट्यास एक निराळीच हजेरी येते. पूर्वी पोलिसांपुढे उभे राहून आपण गुन्हेगार नाही हे सांगावे लागे, आता रसिकांपुढे. हा दोष मंडळीचा नव्हे, पाहणाऱ्यांचा आहे. ज्या सभागृहात ‘बुधन’ होते, त्या संस्थेने प्रयोगानंतर काय केले, हा प्रश्न नाट्यसमीक्षेच्या कक्षेबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल. आमच्या मते या नाटकापुरता तरी तो तिच्या केंद्रस्थानी आहे, कारण नाटकाचे अखेरचे मागणे प्रेक्षकांपाशी आहे आणि त्याच्या उत्तरावाचून नाटक पुरे होत नाही.

मग आपण काय करावे? आरंभीच्या गोंधळ्याकडे पुन्हा येऊ. महाराष्ट्र शासनाच्या याद्यांत गोंधळी, वासुदेव, नंदीवाले, कोल्हाटी, चित्रकथी हे भटक्या जमातींत, तर कैकाडी, वडार, कंजारभाट हे विमुक्तांत गणलेले आहेत. या समाजातील मुलास शिक्षणातील सवलत हवी असेल तर जातीचा दाखला हवा. आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ या मानीव दिनांकापूर्वी आपले कुटुंब राज्यात वास्तव्यास होते याचा पुरावा हवा. ज्याचा धर्मच फिरण्याचा, त्याला विचारावयाचे की तू अमुक दिवशी कोठे स्थिर होतास! बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये आणि त्यानंतर भिकू इदाते यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने आपापला अहवाल केंद्र सरकारला दिला. दोघेही मराठी, आणि कागदपत्रांवाचून या लोकांची होणारी कोंडी दोन्ही अहवालांतून समोर येते. तरीही प्रश्न तेथेच आहे: साक्ष आणावयाची कोठून?

आमचे नम्र सांगणे असे की, त्या साक्षीचा काही अंश आपल्या देवस्थानांच्या दप्तरांत पडून असण्याचा संभव आहे. जत्रेस कोण आले, कोणास शिधा दिला, कोणत्या मानकऱ्यास नारळ आणि किती रुपये, याचा जमाखर्च जुन्या वह्यांतून लिहिला जात आला आहे. कोठे नाव असेल, कोठे नावापुढे गावही असेल, कोठे ‘गोंधळी’ एवढेच असेल. १९५० च्या आगेमागेपर्यंतच्या पुष्कळ वह्या मोडीत असतील. त्या आज घरोघर वाचता येत नाहीत. येथे विद्यापीठाची गरज आहे. मोडी वाचणारा विद्यार्थी, वह्या राखणारे देवस्थान, आणि ‘हा आमचा आजा’ असे सांगणारे पालावरचे कुटुंब, हे तिघे एका बैठकीवर आले तर जे होईल त्यास आम्ही निःशंकपणे भागीदारी म्हणू. प्रत्येक नोंद कचेरीत ग्राह्य धरली जाईलच असे नाही. तथापि जेथे आज काहीच नाही, तेथे एका ओळीचेही वजन असते.

मात्र ‘बुधन’ने घालून दिलेले पथ्य पाळावे लागेल. कोणता प्रश्न प्रथम हाती घ्यावयाचा, हे पालावरच्यांनी सांगावे. नोंदीची पहिली प्रत त्या कुटुंबाच्या हाती जावी, प्रबंध मागाहून व्हावा. गाणे उतरवून घेतले तर संग्राहकाच्या आधी गाणाऱ्याचे नाव छापावे. आणि ज्या गोष्टी लोकांनी सांगू नयेत असे ठरवले असेल, त्या न विचारण्याचा संयम विद्वानांनी बाळगावा. केनेडीच्या पुस्तकाला हा संयम ठाऊक नव्हता.

कोणी म्हणेल, विद्यापीठाने तटस्थ राहावे आणि देवस्थानाने देवकार्यापुरते पाहावे; या भानगडीत दोघांनीही पडू नये. तटस्थतेची महती आम्हीही जाणतो. परंतु १८७१ ची यादी ज्या विद्येच्या आधाराने टिकली, तीही स्वतःस तटस्थच म्हणवीत होती. आणि देवस्थानाचे म्हणाल तर गोव्यातील आपल्या वाचकांस एक गोष्ट सांगावयास नको. महाजनांच्या नामावलीत आपल्या घराण्याचे नाव आहे की नाही, यासाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या कागद जपतात, प्रसंगी न्यायालयाची पायरी चढतात. नाव वहीत असणे म्हणजे काय, हे ज्यांना इतके नेमके कळते, त्यांना वहीबाहेर राहिलेल्याचे दुःख समजण्यास वेगळ्या तत्त्वज्ञानाची गरज पडू नये.

पुढील जत्रेच्या आधी एखाद्या देवस्थान समितीने जुन्या वह्यांचे गाठोडे सोडावे, जवळच्या विद्यापीठातील मराठीच्या, कोंकणीच्या वा इतिहासाच्या प्राध्यापकास निरोप धाडावा, आणि गोंधळ घालण्यास येणाऱ्या त्या गृहस्थास संबळ खाली ठेवून घटकाभर बसण्याची विनंती करावी. त्याने आपल्या कुळाची नावे आजवर पुष्कळ वेळा सांगितली आहेत. या खेपेस त्याला त्याच्या आज्याचे नाव विचारावे. आणि वही त्याच्या समोर उघडावी.